बगळ्याचा पाय

यशवंतपूर, २७ एप्रिल २०२५

उपेंद्रभावजी,

आशीर्वाद लिहावा की नमस्कार, ते ठरेना, म्हणून दोन्ही सोडून सुरुवात करते. माझा फोन तुम्ही उचलत नाही. पत्र फाडायच्या आधी माणूस निदान उघडून बघतो, म्हणून पत्र. पत्ता तुमच्या लेकीकडून, विद्याकडूनच मिळाला, तिच्यावर चिडू नका.

तुमचे अण्णा, म्हणजे आमचे हे, गेले त्याला जूनमध्ये दोन वर्षं होतील. वेल्डिंगच्या शेडला कुलूप आहे. मी बरी आहे. वाचन चालू आहे. कॅलेंडरच्या मागच्या पानांवर मराठी वाचायला शिकले तेव्हा तुम्ही मला 'कॅलेंडर युनिव्हर्सिटी' म्हणायचात. आता वाचनालयातली दोन कपाटं संपलीत.

आज आम्हा वाचनालयाच्या बायकांची सहल त्या म्युझियमला गेली होती. मी सहजच गेले. आतल्या खोल्यांत एक भलंमोठं पांढरं चित्र होतं, पांढऱ्यावर पांढरं. कस्तुराबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "पद्मा, हे तर आमच्या न्हाणीघराच्या भिंतीवर ओल आली की आपोआप होतं. आम्ही उगाच चुना फासतो." तिथला माणूसही हसला. मग आम्ही बागेत गेलो. दगडाचं मोठं अंडं आहे, कुणी बसू नये अशी पितळी खुर्ची आहे, आणि हिरवळीच्या टोकाला आपला बगळा आहे.

मी तो शेडमध्ये आडवा बघितला होता. उभा आज पहिल्यांदा. बावीस फूट उंच, पोकळ पोलादाचा, एका पायावर उभा, मान पुढे काढून हिरवळीवर ओणवा झालेला. पाटीवर त्याचं नाव 'अनाम' आहे. खाली शिल्पकाराचं नाव, मग 'पोलाद व रंग'. आपल्या शेडचं नाव नाही, ते कुठेच नसतं. मानेखाली सावली पडते, म्हणून शाळेची मुलं नेमकी तिथेच डबे उघडून बसली होती.

एक विचारायचं होतं. पायाच्या मागच्या बाजूला, जिथे झाकणाची प्लेट बसवली तिथे, तपकिरी ओघळ आलाय. पाणी बाहेर पडायला भोक ठेवलं होतं का? तुम्हाला आठवत असेल. सहज विचारते.

पद्मावती

&nbsp;

यशवंतपूर, ५ मे २०२५

उपेंद्रभावजी,

उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं.

मागच्या पत्रात 'सहज गेले' असं लिहिलं, ते खरं नाही. सहल मीच सुचवली होती. एकटीनं जायचा धीर होईना.

झालं असं. मार्चमध्ये यांचं कपाट आवरताना चष्म्याची जुनी डबी निघाली. आत त्या म्युझियमची तिकिटं होती, रबर लावून ठेवलेली. महिन्याला एक. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे "जरा फिरून येतो" म्हणून जायचे, आणि आले की जेवायचे नाहीत. मला वाटायचं डॉक्टरकडे जात असतील आणि मला सांगत नसतील. प्रत्येक तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं तारीख आणि दोनच शब्द: 'उभा आहे'. सगळ्यांवर तेच. शेवटचं तिकीट जाण्याच्या आधीच्या महिन्यातलं. त्यावर 'उभा आहे. मागे डाग.'

ते मी वाचलं तेव्हा कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही. भात करपला.

काल परत गेले, एकटी. ओघळाच्या वर रंगाला चीर गेलीय, केसाएवढी, आडवी, माझ्या वितीपेक्षा जरा लांब. अण्णा भिंतीला भेग गेली की काय करायचे ते तुम्ही पाहिलंय. पातळ कागदाची पट्टी भाताच्या खळीनं भेगेवर चिकटवायची आणि थांबायचं. पट्टी शाबूत राहिली तर भेग जुनी, फाटली तर भेग चालतेय. मी पर्समध्ये खळ नेली होती. चिकटवत होते तेवढ्यात बागेत झाडणारी बाई मागून ओरडली, "अज्जी! मुट्टबेडी! हात लावायचा नाही, कॅमेरा आहे वर."

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्यानं केलंय हे."

ती मला वरून खाली न्याहाळत म्हणाली, "मग घरी न्या. मला रोज याच्याखालचा पाला काढायला लागतो." मग जरा जवळ आली. तिचं नाव गंगव्वा, विजापूरकडची आहे, मराठी चांगलं बोलते. म्हणाली, "अक्का, खरं सांगू? वारं सुटलं की हा बोलतो. टक्. स्वल्प थांबतो, परत टक्. मी त्या बाजूनं झाडायचं सोडलंय. साहेब लोकांना सांगितलं तर म्हणाले, लोखंड उन्हानं वाजतं."

"ऊन नसताना पण वाजतं का?"

"पावसाच्या आधी जास्त."

पट्टी राहू देते म्हणाली. कुणी विचारलं तर पक्ष्यानं घाण केली असं सांगेन म्हणाली.

गेल्या आठवड्यात इकडे वळवाच्या वाऱ्यानं आमच्या रस्त्यावरचं गुलमोहराचं झाड रिक्षावर पडलं. सुदैवानं रिक्षावाला चहाला गेला होता.

भावजी, झाकणाची प्लेट तुम्ही मारली होती. आत काय आहे हे सांगणारं आता तुमच्याशिवाय कुणी उरलं नाही. एकदा येऊन बघा. माझ्याशी बोलू नका, पण या.

पद्मावती

&nbsp;

यशवंतपूर, १० मे २०२५

उपेंद्रभावजी,

तुमचं कुरिअर काल मिळालं. तीन ओळी. 'अण्णाचा निरोप आला म्हणून झाकलं. निरोप कुणी आणला ते तुम्हाला ठाऊक आहे. पुन्हा लिहू नका.'

लिहिते आहे, कारण पट्टी फाटली. पावसानं गेली असेल असं म्हणाल. पावसानं कागदाचा लगदा होतो, तो गळून पडतो. ही मधोमध चिरली होती, दोन्ही टोकं जागच्या जागी चिकटलेली. फटीत माझं नख गेलं.

तिथून सरळ ऑफिसात गेले. बागेतल्या शिल्पांचं काम रंजिता नावाची मुलगी बघते. चांगली आहे, मला खुर्ची दिली. मी सांगितलं, आतल्या आधाराच्या फासळ्यांचं वेल्डिंग अर्धं आहे, पाय उघडून बघा. तिनं फाइल काढली. उभा केला तेव्हाचं सर्टिफिकेट आहे, गेल्या वर्षी इंजिनियर येऊन बाहेरून बघून गेलाय. "अम्मा, पाय उघडायचा म्हणजे कापायचा. कलाकृती आहे ती. शिल्पकार परदेशात, त्यांची परवानगी लागते. तुम्ही काम करताना शेडमध्ये होता का?"

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात होते."

तिनं हसू दाबलं. दोष कसा देऊ? मग तिनंच सांगितलं, झाकण ज्यानं लावलं तो माणूस लेखी सांगत असेल, आणि कुठे कापायचं ते दाखवत असेल, तर ती वरच्यांकडे जाईल. तिच्या मागच्या भिंतीवर पोस्टर होतं. रविवारी, १८ तारखेला संग्रहालय दिन. प्रवेश फुकट, दोनशे मुलांची चित्रकला, हिरवळीवर. पोस्टरवर बगळ्याचाच फोटो आणि त्याच्या मानेखाली सतरंज्या.

म्हणून आता नऊ वर्षं जे लिहिलं नाही, बोलले नाही, ते लिहिते. तुम्हाला ते माहीत आहे. पण माझ्या हातानं लिहिलेलं तुमच्याकडे असायला हवं.

त्या वर्षी अष्टमीच्या संध्याकाळी हे तापानं फणफणले होते तरी बगळ्याच्या पायात वाकून वेल्डिंग करत होते. चारही फासळ्यांना टाके मारून झाले होते. टाके म्हणजे नुसते धरून ठेवायला, त्यावर सलग वेल्डिंग व्हायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आपल्या घरात अष्टमीला दिवेलागणीला हत्यारं धुऊन खंडेनवमीच्या पूजेला मांडायची आणि दसरा होईपर्यंत उचलायची नाहीत, हे सासूबाईंपासून चालत आलेलं. मी शेडमध्ये जाऊन यांच्या हातातला वेल्डिंगचा होल्डर काढून घेतला. "पुरे आता. देवीपुढे ठेवायची वेळ झाली, आणि अंगात ताप किती आहे बघा." ते म्हणाले, "दसऱ्यानंतर बघतो." काय बघायचं राहिलंय ते मी विचारलं नाही. होल्डर, ग्राइंडर, हातोडे, सगळं धुतलं, कुंकू लावलं, वर झेंडू ठेवला.

दसऱ्याला संध्याकाळी तुम्ही दारात आलात. ट्रक पहाटे येणार होता. "वहिनी, अण्णाला विचारा, आतलं पुरं झालं का? झाकण मारू का?"

मी आत गेले. दोन दिवस तळमळून त्यांचा नुकता डोळा लागला होता. मी उशाशी उभी राहिले. उठवलं नाही. बाहेर येऊन तुम्हाला म्हटलं, "हो, झालंय म्हणतात. झाका."

वाईट हेतू नव्हता. ट्रक परत गेला तर शिल्पकार ओरडेल, हे तापात उठून कामाला लागतील, असं काहीबाही मनात होतं. त्यांचा ताप उतरला तोवर बगळा उभा राहून फीतसुद्धा कापून झाली होती. मग शेडमध्ये तुमचं दोघांचं भांडण झालं. ते म्हणत होते, "मी कधी सांगितलं?" तुम्ही म्हणालात, "वहिनीला विचार." ते माझ्याकडे वळले. "तू सांगितलंस याला?"

मी तुमच्यासमोर म्हटलं, "मी? नाही बाई."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. हातातला कापडाचा बोळा फळीवर ठेवलात आणि निघालात. दिवाळीच्या आधी हुबळीला गेलात. अण्णाच्या मयतीला आलात तेही रस्त्यापलीकडे उभे राहिलात.

यांनी म्युझियमला का सांगितलं नाही, तेही लिहिते. मी एकदा म्हटलं होतं, मनाला लागलंय तर सांगून टाका. ते म्हणाले, "भावाला पोलिसांच्या दारात उभं करू?" त्यांच्या लेखी खोटं बोलणारा भाऊ ते पदरात धरून बसले होते, आणि खोटं बोलणारी त्यांना ताट वाढत होती. सांगायची संधी रोज मिळत होती. सात वर्षं रोज. मी सांगितलं नाही.

आता १८ तारीख आहे. माझी सही मी देईन. तुमची पण लागेल.

पद्मावती

&nbsp;

यशवंतपूर, १४ मे २०२५

उपेंद्रभावजी,

तुमचं पत्र सकाळी आलं. चार पानं. मी ती उभ्यानं वाचली, मग बसून वाचली.

तुम्ही लिहिलंत, झाकण मारण्याआधी आत हात घातला होता. बोटांना टाके लागले, सलग काही लागलं नाही. तुम्ही थांबलात. मग स्वतःला सांगितलंत, अण्णा म्हणतोय तर त्याच्या हिशेबानं तेवढं पुरत असेल, आपण कोण शहाणे? आणि झाकलंत. पुढे लिहिलंत, 'वहिनी, तुम्ही खोटं बोललात तेव्हा मला बरं वाटलं. सगळा दोष तुमच्यावर टाकून मला रागावता आलं. मी नऊ वर्षं तुमच्यावर रागावून जगलो.'

वाचून मला राग आला नाही. थंडी वाजली, मे महिन्यात.

म्हणजे झाकलं तेव्हा काम अपुरं आहे हे मला माहीत होतं, तुम्हालाही माहीत होतं. ज्यांना कुणी विचारलंच नाही ते एकटे दर महिन्याला तिकीट काढून तिथे जाऊन उभे राहत होते.

मी काल माझी कबुली लिहून रंजिताच्या हातात दिली. मराठीत लिहिली, तिच्या ऑफिसातल्या एका धारवाडच्या माणसानं तिला वाचून दाखवली. तिनं कागद परत एकदा उलटून बघितला. मग म्हणाली, "अम्मा, यात तुमच्यावर केस होऊ शकते, हे कळतंय ना?" मी म्हटलं, "सरी, कळतंय." दुसरं काय म्हणणार?

तिनं वर फोन केला. वरच्यांचं उत्तर, कार्यक्रम छापून झालाय, म्हातारीच्या कागदावर रद्द करता येत नाही, माणूस आणा. सतरंज्या जरा लांब घालू म्हणाले. किती लांब, तर दहा फूट. बगळ्याची उंची बावीस.

हवामानवाले शनिवार-रविवार जोराच्या वाऱ्याचं सांगतायत. गंगव्वा म्हणते, आता वारं नसतानाही टक् येतं.

तुम्ही विचारलंत, आलो आणि अटक झाली तर विद्याचं काय? मला उत्तर माहीत नाही. खोटा धीर मी एकदा दिला आहे, परत देणार नाही. एवढंच सांगते की रविवारी त्या मुलांच्या आधी मी जाऊन त्या मानेखाली बसणार आहे, आणि मला उचलल्याशिवाय तिथे कुणाला बसता येणार नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईला ते किती वेळात उचलतील याचा मला अंदाज आहे. म्हणून तुम्ही या.

पद्मावती

&nbsp;

यशवंतपूर, २० मे २०२५

उपेंद्रभावजी,

तुम्ही आलात.

शनिवारी सकाळी हुबळीच्या गाडीनं याच यशवंतपूर स्टेशनवर उतरलात, माझं घर तिथून चालत दहा मिनिटांवर, आणि सरळ म्युझियमला गेलात. मी पोचले तेव्हा दोरीच्या आत तुम्ही इंजिनियरला खडूनं चौकट आखून दाखवत होता. केस पांढरे झालेत तुमचे. मागून मला हेच आल्याचा भास झाला. मी दोरीच्या बाहेर राहिले. तुम्ही एकदा बघितलंत, मान हलवलीत की नाही ते मला नीट दिसलं नाही.

चौकट कापली तेव्हा आतून पाणी आलं, तपकिरी, कुजल्या पानांच्या वासाचं, थांबेचना. रंजितानं नाकाला ओढणी लावली. मग इंजिनियरनं बॅटरी मारून आत डोकावलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्यांना हातानं मागे सरकवलं. त्या वरच्या साहेबांचा चेहरा मी बघितला. दोनशे मुलांचा कार्यक्रम पाच मिनिटांत रद्द झाला.

तुम्ही तिथल्या टेबलावर कागद लिहून दिलात, सही केलीत आणि दुपारच्या गाडीनं गेलात. घरी चहा ठेवला होता. असू दे. मी तुमच्या जागी असते तर आले असते की नाही, कुणास ठाऊक.

तुम्ही गेल्यावर जे झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र. शनिवारी संध्याकाळी वारं सुटलं ते तुमच्या गाडीलाही लागलं असेल. क्रेन यायला सोमवार उजाडला. शनिवारची ती रात्र आणि रविवार बगळा दोरखंडांनी बांधून ठेवला होता. गंगव्वानं मला फोन करून नुसता आवाज ऐकवला. तो मी इथे लिहीत नाही.

काल क्रेननं त्याला उचलून हिरवळीवर आडवा केला आणि पाय खालून उघडला. शनिवारी कापलेल्या चौकटीतून तुम्हाला तीनच फासळ्या दिसल्या होत्या. तिन्हींचे टाके सुटलेले, गंजून काळे. चौथी पलीकडच्या अंगाला होती, ती तिथून दिसत नाही. झाकताना तुमचा हातही तिथवर पोचला नसणार. भावजी, चौथीला सलग वेल्डिंग आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन्ही बाजूंनी. इंजिनियर पोरगा गुडघ्यावर बसून त्यावर बोट फिरवत राहिला. म्हणाला, "नऊ वर्षं हा सगळा भार या एकीवर होता. कागदावर मांडलं तर हे पाचव्या वर्षीच पडायला हवं होतं." मग त्यानं विचारलं, हे कुणाचं काम?

मी नाव सांगितलं. नागनाथ. रंजितानं ते रिपोर्टात लिहून घेतलं. खाली तुमचं आणि माझं नावही आहे, दुसऱ्या रकान्यात. पोलिसांचं काय ते पुढच्या आठवड्यात कळेल. जबाबाला बोलावलं तर मी आधी जाईन, माझं आधी घडलं होतं.

म्हणजे त्या अष्टमीला मी शेडमध्ये गेले तेव्हा ते एक फासळी पुरी करून दुसरीकडे वळत होते.

मी त्या इंजिनियरला विचारलं, चांगल्या हाताच्या माणसाला अशा एका फासळीला किती वेळ लागतो? तो म्हणाला, वीस मिनिटं, फार तर.

तीन राहिल्या होत्या. मी एक तास थांबायला हवं होतं.

पद्मावती